बिनविरोध निवडणूक आणि न झालेली चर्चा : नाशिक, १९६३

चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. राष्ट्रीय ऐक्याचे प्रतीक म्हणून या घटनेचा गौरव होतो. तिची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहते. त्याच वर्षी वाढत्या संरक्षण खर्चाच्या पार्श्वभूमीवर सक्तीची ठेव योजना आली. दिंडोरीसारख्या तालुक्यातील महसूल भरणारा शेतकरीही तिच्या कक्षेत आला. याउलट अमरोहा, फरुखाबाद व राजकोट येथे पोटनिवडणुका लढविल्या गेल्या आणि कृपलानी, लोहिया, मसानी विजयी झाले. ऑगस्टमध्ये कृपलानींचा अविश्वास ठराव फेटाळला गेला. तरीही सरकारला सभागृहात उत्तर द्यावे लागले. नाशिकच्या मतदाराने भार उचलला, परंतु मतपेटीतून जाब विचारण्याची संधी त्यास लाभली नाही. सदर निवडणुकीचे मूल्यमापन करताना ही उणीव नोंदविणे आवश्यक ठरते.