पावतीवरची नजर

निमगाव साव्यातल्या दूध संकलन केंद्रासमोर माझ्या एका छायाचित्रकार मित्रानं हे चित्र टिपलंय. सकाळचं तिरपं ऊन, शटरपुढे किटल्यांची रांग आणि मध्यापासून जरा डावीकडे साठीच्या एक बाई. एका हातात रिकामी किटली, दुसऱ्या हातात मशीनमधून नुकतीच निघालेली पावती. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नाही. त्या वाचताहेत.

चित्राचा जीव त्या पावतीत आहे. अंगठा कागदावर इतका घट्ट दाबलाय की नखाची कड पांढरी पडलीय. ओठ किंचित हललेले दिसतात, आकडे मनातल्या मनात म्हणताना हलतात तसे. पावतीवरून उसळलेलं ऊन हनुवटीखाली पडलंय. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून ठरतो. आकडा त्याखाली गेला की लिटरमागे पैसे कापले जातात. कुकडीच्या पाण्यानं जुन्नरच्या या पट्ट्यात ऊस आला, कांदा आला, पण त्यांचे पैसे हंगामाला. घरची मीठमिरची चालते ती दुधावर. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बाईंच्या कपाळावरची आठी सांगावी लागत नाही. आणि ज्याला ठाऊक नाही, तोही त्या अंगठ्यापाशी थांबतोच. मित्राच्या नजरेचं मोठं यश मला इथे दिसतं.

तो लांबून झूम लावून उभा राहिलेला नाही. चार-पाच हातांवर, साध्या ३५ मिलिमीटरच्या भिंगानं काम केलंय. इतक्या जवळ असूनही माणूस बुजत नाही, ही गावात रोज उठून-बसून मिळवलेली गोष्ट आहे.

उजव्या कडेला सायकलवरची शाळकरी मुलगी चौकटीत अर्धीच आलीय, चाक पुसट. काही सोबत्यांनी ती कड कापायला सांगितली. मला हे मुळीच पटत नाही. मुलगी गेली की बाईंचं थांबणंही जाईल आणि उरेल एक नीटनेटकं व्यक्तिचित्र. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ चित्र कापण्याच्या विरोधातले. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचं १९३२ सालचं चित्र मात्र त्यांनी कापलं, कारण कुंपणाची फळी भिंगाच्या आड आली होती. इथे आड काही आलेलं नाही. सकाळचा रस्ता आहे तो, त्याच्या वेगासकट.

खटकतो तो वरचा फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भडक पिवळा रंग नजर ओढून घेतो, आणि त्याची कड नेमकी बाईंच्या डोक्याला टेकते. एक पाऊल बाजूला सरकता आलं असतं तर चेहरा मोकळा झाला असता. म्हणून चित्र काळंपांढरं करावं, असाही सल्ला आला. त्यानं फ्लेक्स दबेल, खरं, पण हनुवटीवरचं ते ऊबदार ऊनही जाईल. रघुबीर सिंग यांनी भारतातले रस्ते रंगातच टिपले. तो रस्ता या चित्रालाही मानवतो.

तेव्हा मित्रा, रंग राहू दे, कड राहू दे. फक्त फ्लेक्सचा पिवळा थोडा उतरव. आणि चित्र प्रदर्शनात लावण्याआधी बाईंना दाखव, त्यांची परवानगी घे आणि एक प्रत त्यांच्या घरी दे.