शिडी मोजली, पावसाळा राहिला

मुंबई बंदरात जहाज आत आणणारा सागरी पायलट चालत्या लाँचमधून दोराच्या शिडीने जहाजावर चढतो. पाय घसरला तर खाली समुद्र. सोलास करारानुसार या शिडीची चढण 9 मीटरपेक्षा जास्त नको. शिड्या नियमात बसतात का, याचं सर्वेक्षण पायलटांची जागतिक संघटना दरवर्षी करते. काम मोलाचं आहे, कारण माहिती प्रत्यक्ष चढणाऱ्याकडून येते.

पण मित्रांनो, पद्धत बघा. नोंदी साधारण ऑक्टोबरातल्या मोजक्या दिवसांच्या. म्हणजे आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा खवळलेला समुद्र त्यात येतच नाही. आमच्या वडूजच्या येरळेचं पाणी मे महिन्यात मोजून पुराचा अंदाज बांधावा, तसं झालं हे. शिडीतले दोष कळतात, पडण्याचा धोका किती ते कळत नाही. तुमचा नमुना कोणत्या ऋतूतला, हे सिनॉप्सिस लिहितानाच स्वतःला विचारा.