वाळवंटातला धातुस्तंभ आणि नावाची घाई

१८ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय भागात बिगहॉर्न मेंढ्यांची मोजदाद करणाऱ्या हेलिकॉप्टरमधील कर्मचाऱ्यांना लाल खडकांच्या खोबणीत काहीतरी चकाकताना दिसले. उतरून पाहतात तो तीन बाजूंचा, सुमारे ३ मीटर उंचीचा धातूचा स्तंभ! जगाने त्याला ‘मोनोलिथ’ म्हटले. आपला ‘एकाश्म’ हा शब्द वेरूळच्या कैलासाला शोभतो. इथे अश्मच नाही, जोडलेले पत्रे आहेत. पण कुब्रिकच्या १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधली काळी शिळा सर्वांच्या डोळ्यांत बसलेली. वस्तू नीट पाहण्याआधीच तिचे नाव ठरून गेले होते.

मग कर्त्याचा शोध सुरू झाला. २०११ मध्ये निधन पावलेल्या जॉन मॅक्रॅकन या शिल्पकाराचे नाव पुढे आले. त्यांचे काम सांभाळणाऱ्या डेव्हिड झ्विर्नर गॅलरीतूनच एकदा ‘त्यांचेच’ आणि एकदा ‘त्यांचे नव्हे’ अशी दोन्ही उत्तरे निघाली. मॅक्रॅकन प्लायवुड आणि फायबरग्लासवर रेझिनचे थर देऊन हातांनी घासत आरशासारखा पृष्ठभाग आणत. त्यांच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या असतात, अर्ध्या चित्र, अर्ध्या शिल्प. युटाच्या स्तंभाच्या छायाचित्रांत रिव्हेट दिसतात. मी कुठल्या कलामहाविद्यालयात शिकलेलो नाही, गावोगावचे वीरगळ पाहतच माझी नजर तयार झाली. पण ही कारागिरी मला पत्राकाम करणाऱ्याची वाटते, मॅक्रॅकनची नाही.

शिल्प म्हणून ते सामान्यच आहे. खरी प्रतिभा जागेच्या निवडीत आहे. याच राज्यात रॉबर्ट स्मिथसनची ‘स्पायरल जेटी’ (१९७०) आणि नॅन्सी होल्टचे ‘सन टनेल्स’ (१९७३–७६) आहेत. पण ती कर्त्यांच्या नावानिशी, पाहायला या असे सांगणारी कामे. हा स्तंभ उपग्रहचित्रांत ऑगस्ट २०१५ मध्ये नाही, ऑक्टोबर २०१६ मध्ये आहे. म्हणजे किमान चार वर्षे तो गाजावाजाविना उभा होता. प्रेक्षकाची इतकी वाट पाहणारे काम आपल्या प्रदर्शनांच्या काळात दुर्मीळच म्हणायचे.

अधिकाऱ्यांनी ठिकाण सांगितले नव्हते. हौशी शोधकांनी उपग्रहचित्रांवरून ते हुडकले, आणि गाड्या रस्ता सोडून नाजूक जमिनीवरून धावू लागल्या. तिथे ना वाहनतळ, ना शौचालय, घाण झाली. २७ नोव्हेंबरच्या रात्री चौघांनी स्तंभ आडवा केला आणि नेला. पुढे त्यातल्या काहींनी उघडपणे सांगितले की ही झीज थांबवण्यासाठीच हे केले. अनेकांनी त्यांना विध्वंसक ठरवले. मला मात्र त्या कलाकृतीवरचे सर्वांत प्रामाणिक समीक्षण त्यांनीच केले असे वाटते. ज्या एकांतावर ती उभी होती तो संपल्यावर उरला होता तो नुसता पत्रा.

वर्ष संपण्याआधीच अहमदाबादच्या एका उद्यानात असाच स्तंभ उगवला. त्यामागे उद्यानाची देखभाल करणारी कंपनीच होती. तिथे गूढ नव्हते, जाहिरात होती.

युटात मागे राहिली ती खडकात कापलेली खाच. छायाचित्रांत मी पुन्हा पुन्हा तीच पाहतो. स्तंभ सार्वजनिक जमिनीवर, विनापरवाना उभारलेला होता. आणि पत्रा उचलून नेता आला तरी कापलेला खडक काही सांधता येत नाही. अनामिकाला दाद देताना हा हिशेब मला बाजूला ठेवता आलेला नाही.