उत्तरपत्रिकेवरून नमुना उत्तरे

समजा, नागपूरच्या एका शाळेने निकालासाठी संकेतस्थळावर एक पान तयार करून घेतले. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ३५ गुण हवेत. आज्ञावलीत मात्र '३५ किंवा अधिक' ऐवजी चुकून '३५ हून अधिक' असे लिहिले गेले. ३४ ला अनुत्तीर्ण, ३६ ला उत्तीर्ण; सारे ठीक दिसते. बरोबर ३५ मिळवणारे मूल मात्र नापास होते!

अशा चुका शोधण्यासाठी ब्राउझर आपोआप चालवणारी साधने आहेत. 'सेलेनियम' २००४ मधले, तर मायक्रोसॉफ्टचे 'प्लेराइट' २०२० मधले. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली 'ब्राउझरस्टॅक' कंपनी अशाच चाचण्यांच्या कामावर उभी राहिली. कोणते बटण दाबायचे, हे तेव्हा माणूस लिहून देई. मार्च २०२५ मध्ये 'प्लेराइट एमसीपी' आले आणि हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकावर सोपवता येऊ लागले.

यातली युक्ती नामी आहे. सहायक सहसा पानाचे चित्र पाहत नाही. अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेसाठी ब्राउझर जी रचना तयार ठेवतो, तीच तो वाचतो. बटणाला नाव नसेल, तर अंध विद्यार्थी आणि सहायक दोघेही अडखळतात. हा दोष त्यामुळे सहज उघडा पडतो.

पण 'या पानाची चाचणी लिही' एवढेच सांगितले तर? सहायक ३५ भरतो, 'अनुत्तीर्ण' वाचतो आणि तेच अपेक्षित उत्तर म्हणून नोंदवून बसू शकतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून नमुना उत्तरे! पुढे कोणी चूक सुधारली, तर चाचणी त्या सुधारणेलाच बिघाड ठरवील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेराइटमध्ये फसलेल्या चाचण्या दुरुस्त करणारा 'हीलर' आला. बटणाचे नाव बदलले असेल, तर तो उपयोगी पडतो. पण पानच बिघडले आहे असे त्याला वाटले, तर तो ती चाचणी वगळतो. तापमापक बाजूला ठेवल्याने ताप उतरत नाही. वगळलेल्या चाचण्या माणसाने पाहायलाच हव्यात.

आणखी एक गोष्ट. मराठी अंकांत लिहिलेले '३५' जावास्क्रिप्ट भाषा आपोआप संख्या मानत नाही. पालक मराठी अंकही लिहितात, हे शिक्षकाला ठाऊक असते.

साधन जरूर वापरावे. मात्र पान उघडण्यापूर्वी ३४, ३५, ३६, 'गैरहजर' आणि मराठी अंक यांची अपेक्षित उत्तरे नियमावरून कागदावर लिहावीत. हा तक्ता विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. परीक्षा कशी घ्यावी, हे त्यांनाही कळेल.