काळजी ही ढाल आहे की नुसतं ओझं?

मंडळी, ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण म्हणतो. पण मन असं का वागतं? याची दोन उत्तरं आज जरा तपासून बघू.

पहिलं टॉमस बोर्कोवेक यांचं. काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत नाही. भीतीचं चित्र डोळ्यांपुढे आलं की छाती धडधडते. ‘असं झालं तर, तसं झालं तर’ची जपमाळ सुरू असली की शरीराची ती उसळी दबते. १९९०च्या प्रयोगात भाषणाला घाबरणाऱ्या काहींनी आधी काळजी केली आणि मग भाषणाचा प्रसंग मनात आणला. आधी निवांत राहिलेल्यांपेक्षा त्यांचे ठोके कमी वाढले. म्हणजे काळजी ही ढाल, असा निष्कर्ष निघाला.

आता बघा हं, इथं एक गोम आहे. ठोके कमी वाढले, पण कुठून मोजून? माणूस आधीच चौथ्या मजल्यावर उभा असेल, तर पाचव्यापर्यंत एकच जिना उरतो. त्याला शांत म्हणायचं का?

मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी नेमकं हेच धरलं. त्यांच्या प्रयोगात काळजी करतानाच मन खट्टू झालं, शरीर ताणलं गेलं; पुढे भीतीदायक चित्रफीत पाहिल्यावर फारशी भर पडली नाही. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की चिंताग्रस्त माणूस भावना टाळत नाही, तो भावनेतला अचानक बदल टाळतो. आनंदातून धाडकन खाली पडण्यापेक्षा आधीच खाली बसलेलं बरं!

मला हे उत्तर जास्त पटतं. निकालाच्या फोनची वाट बघणारी आई ‘जरा आराम कर’ म्हटल्यावर चिडते, ते का, हे यातून कळतं. तिला निवांतपणाच धोक्याचा वाटतो.

तरी एक उणीव सांगायलाच हवी. चित्रफीत काही मिनिटांची असते, घरातली काळजी वर्षानुवर्षांची. शिवाय काळजीचा उपयोग होतो असं त्या माणसाला वाटणं वेगळं आणि खरंच उपयोग होणं वेगळं. वाईट बातमी आली की दुःख व्हायचंच. आधीचे दिवस मात्र फुकट गेलेले असतात.

म्हणून ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला अपुरा आहे. ‘बरं वाटतंय ना, मग थोडा वेळ तसंच राहू दे’ हे शिकवावं लागेल. आणि ते सोपं नाही.