चांद्रकथांची आवक-जावक

चंद्रप्रवासाच्या कथांचे मूल्यमापन करताना टीकाकार सामान्यतः दोन प्रश्न विचारतो. लेखकाची कल्पना शास्त्राच्या कसोटीस उतरते काय, हा एक. आणि तीत वावरणारी माणसे खरी वाटतात काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु या वाङ्मयास आणखी एक प्रश्न विचारणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते. नायक चंद्रावरून परतताना बरोबर काय आणतो, कोणासाठी आणतो, आणि त्याच्या मोबदल्यात तेथे काय ठेवून येतो? केंद्र सरकारच्या कचेरीत आवक-जावकीची बुके लिहिण्यात आमची उमेदीची वर्षे चालली आहेत. व्यवहाराची एकच बाजू पाहून आमचे समाधान होत नाही. ही पेशाची खोड म्हणावी. पण या खोडीने पाहू गेल्यास जुन्या, नावाजलेल्या पुस्तकांचेही एक निराळेच रूप दृष्टीस पडते.

मराठीपुरते बोलावयाचे तर चंद्राची वाट महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या एका मासिकाने उघडून दिली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली कोचीन येथे सुरू केलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकातून १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रकथेचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. मराठी विज्ञानकथेचा आरंभ येथूनच धरण्याची प्रथा आहे. व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. फ्लॉरिडात एक प्रचंड तोफ ओतली जाते, तिच्या गोळ्यात तीन माणसे बसतात आणि गोळा चंद्राकडे सुटतो. तोफेचे वजन, दारूचे प्रमाण, जमविलेली वर्गणी, साऱ्याचा हिशोब व्हर्न चोख देतो. परतीचा विचार मात्र त्याच्या प्रवाशांनी केलेलाच नसतो, आणि त्याचे त्यांना वैषम्यही वाटत नाही. पुढील भागात ते चंद्रास वळसा घालून समुद्रात येऊन पडतात ते रिकाम्या हातांनी. बरोबर असतात ती केवळ निरीक्षणे. व्हर्नच्या चोपडीत खर्चाची बाजू भरगच्च आहे, जमेची जवळजवळ कोरी आहे. त्याचा चंद्र हे गाठावयाचे ठिकाण आहे. तेथून काही आणावयाचे आहे, ही कल्पना त्याच्या जगात अद्याप उगवलेली नाही.

ती उगवते एच. जी. वेल्सच्या १९०१ सालच्या कादंबरीत. तिचा निवेदक बेडफर्ड हा धंद्यात बुडालेला, देणेकऱ्यांना चुकवीत फिरणारा मनुष्य. चंद्रावर पाय ठेवताच त्याची नजर सोन्यावर जाते आणि तो परततो तोही सोने घेऊनच. त्याचा शास्त्रज्ञ सोबती केव्हॉर मात्र मागेच राहतो. हा व्यवहार वेल्सने फार मार्मिकपणे रंगविला आहे. चंद्रावरून आलेला पहिला माल एका माणसाच्या खिशात जातो, आणि त्याची किंमत म्हणून दुसरा माणूस तेथे ठेवला जातो. लोभाची ही आवक-जावक वाचकाच्या मनास बोचते आणि तेथेच वेल्सचे मोठेपण दिसून येते.

तथापि वेल्सच्या हातूनही एक गोष्ट निसटली आहे. सोने हा चंद्रावरून वाहून आणण्याचा मालच नव्हे. वस्तूचे मोल केवळ तिच्या तेजावर ठरत नाही, ती कोठे आहे यावरही ठरते. हे समजावयास काशीकरास दूर जावे लागत नाही. भोसले आणि शिंदे यांच्या घाटांच्या शेजारी पेशव्यांच्या आश्रयाने उभा राहिलेला बालाजी घाट पाहावा. काशीचे घाट ज्या दगडाने बांधले, तो चुनारच्या टेकड्यांचा वालुकाश्म. चुनारला त्या दगडाची वाण नाही, म्हणून तेथे त्याचे अप्रूपही नाही. तोच दगड गंगेच्या काठी पायरी होऊन बसला की पिढ्यान्‌पिढ्यांचे पाऊल त्यावर पडते. चुनार काशीच्या वरच्या अंगास आहे. म्हणून दगडाने भरलेली नाव प्रवाहाबरोबर खाली येई. कष्ट असत ते रिकामी नाव दोरीने ओढीत पुन्हा वर नेण्याचे.

चंद्र आणि पृथ्वीभोवतीची कक्षा यांचे नाते असेच चढ-उताराचे आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास सेकंदास ११.२ किलोमीटर वेग लागतो. चंद्राच्या ओढीतून सुटण्यास सुमारे २.४ किलोमीटर पुरतो. एक किलो वजनामागे लागणाऱ्या शक्तीचा हिशोब केला तर हे अंतर सुमारे २२ पटींचे होते. शिवाय चंद्रावर हवा नाही, त्यामुळे माल वर फेकताना हवेचा अडथळा नाही. आणि पृथ्वीजवळ येताच वातावरणाच्या वरच्या थरांत घासून वेग कमी करता येतो, तेवढे इंधन वाचते. म्हणजे भरलेली नाव उताराने येते. चढ असतो तो रिकाम्या नावेला. अशा वाटेने सोने खाली जमिनीवर आणण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो पाणी, ऑक्सिजन आणि धातू वरच, कक्षेतच, पोहोचविण्यात. कारण तेथे घागरभर पाणी न्यावयाचे तर आज ते पृथ्वीवरूनच, सारा चढ चढून न्यावे लागते. पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले की अग्निबाणाचे इंधन होते. चंद्राच्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, आणि तेथे पाण्याचा अंश असल्याची ग्वाही आपल्या ‘चंद्रयान-१’ वरील उपकरणाच्या निरीक्षणांतून २००९ साली जगापुढे आली. बेडफर्डने सोन्याऐवजी बर्फ उचलला असता तर तो अधिक शहाणा व्यापारी ठरला असता. वेल्सची कादंबरी मात्र मग वेगळी झाली असती.

प्रत्यक्ष जमेची बाजू अद्याप अगदी तोकडी आहे. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली. रशियाच्या तीन यंत्रांनी १९७० ते १९७६ दरम्यान आणलेली माती अर्धा किलोही भरत नाही. चीनने २०२० साली १,७३१ ग्रॅम आणि २०२४ साली चंद्राच्या पलीकडील बाजूवरून १,९३५ ग्रॅम आणली. मानवाने चंद्रावरून आणलेला सारा माल असा चार क्विंटलांच्या आत आहे. भारताने अजून काही आणलेले नाही. परंतु ‘चंद्रयान-३’च्या वेळी दोन लहानशा गोष्टी घडल्या, त्या या संदर्भात बोलक्या आहेत. ३ सप्टेंबर २०२३ रोजी चंद्रावर उतरलेले ‘विक्रम’ यान आपली यंत्रे पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलले गेले आणि बाजूस उतरले. त्यानंतरच्या महिन्यात, चंद्राभोवती फिरणारा त्याचा वाहक भाग उरलेल्या इंधनावर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत परत आणण्यात आला. परतीच्या वाटेवरची ही आपली पहिली नाव. ती रिकामी होती, पण वाट तिला सापडली. तेथील माती आणण्याच्या ‘चंद्रयान-४’ मोहिमेस केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये संमती दिली आहे.

वाङ्मयाने ही वाट पूर्वीच चालून पाहिली होती. आर्थर सी. क्लार्कने १९५० साली एका शास्त्रीय लेखात चंद्रावर विद्युच्चुंबकीय गोफण उभारून माल अवकाशात फेकण्याची योजना मांडली. तशाच गोफणीवर रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने १९६६ साली प्रसिद्ध झालेली आपली कादंबरी उभी केली. त्या कादंबरीतील चंद्र ही हद्दपार कैद्यांची आणि त्यांच्या वंशजांची वसाहत आहे. तेथील शेतकरी भूमिगत बोगद्यांत गहू पिकवितात, सरकारी यंत्रणा ठरवील त्या भावाने विकतात, आणि गोफणीने तो पृथ्वीकडे फेकला जातो. चांद्रकथेत नियमित मालवाहतूक हाच कथेचा कणा झाल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. तीतील एक वृद्ध प्राध्यापक आमचाच प्रश्न विचारतो: गव्हाबरोबर चंद्राचे पाणी चालले आहे, त्याच्या बदली काय येते? टनास टन परत आल्याखेरीज हा व्यापार टिकावयाचा नाही, असा त्याचा हिशोब आहे. उठावाची ठिणगी पडते ती या हिशोबाच्या वहीत.

या कादंबरीचे सामर्थ्य आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. भारतीय वाचकाची मात्र ती विलक्षण कोंडी करते, कारण चंद्रावरचा गहू ज्यांच्या मुखी जातो ते प्रामुख्याने हिंदुस्थानचे भुकेले लोक आहेत. वसाहतीचे दुःख आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही. कच्चा माल बाहेर आणि दारिद्र्य घरात, हे आपण दीड शतक भोगले. म्हणून आपले मन चंद्रवासीयांकडे ओढ घेते. आणि तरीही पान उलटताच दिसते की, पोट आपले आहे. कादंबरी निघाली त्या वर्षी, दुष्काळाच्या छायेत, पी. एल. ४८० च्या कराराखाली अमेरिकेहून येणारा गहू आपण खरोखरच खात होतो, हे आठवले म्हणजे ही कोंडी अधिकच जाणवते. हाइनलाइनच्या हातून ती सुटत नाही, कारण त्याला ती दिसतच नाही. हिंदुस्थान हे त्याच्या कादंबरीत गिऱ्हाइकाचे नाव आहे. त्याला चेहरा नाही. भुकेल्या माणसाच्या बाजूने त्या गव्हाकडे कोणी पाहत नाही, म्हणून न्यायाची लढाई असूनही ती एका डोळ्याने पाहिलेली लढाई वाटते.

दुसरा डोळा आपल्यापाशी आहे. सखाराम गणेश देऊस्कर या बंगालनिवासी मराठी गृहस्थांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हे बंगाली पुस्तक लिहून हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर वाहते, याचा आकडेवार लेखाजोखा मांडला. सरकारने १९१० साली ते जप्त केले. त्याचे हिंदी रूप ‘देश की बात’ केले ते त्यांचे भाचे, काशीचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी परभाषांत केलेली ही जमाखर्चाची टीका. ती दोन्ही पुस्तके ललित नव्हेत. परंतु चांद्रकथेस लावावयाची कसोटी आम्हांस त्यांच्यातच सापडते. मालाची जावक दाखविणारा लेखक त्याच्या मोबदल्याविषयी मौन पाळीत असेल, तर त्याचे चित्र अपुरे आहे. मग त्याची गोफण शास्त्रदृष्ट्या कितीही निर्दोष असो.

चंद्रावर आज राहते कोणी नाही, तेव्हा लुटले जाणार कोण, असा आक्षेप येथे येईल. त्याचे उत्तर सोपे नाही. ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत साठलेला बर्फ युगायुगांच्या संचयाचा आहे. तो एकदा इंधन होऊन जळला की पुन्हा भरून निघावयाचा नाही. १९६७ चा अवकाश-करार कोणत्याही राष्ट्रास चंद्रावर स्वामित्व सांगू देत नाही. १९७९ च्या करारात तेथील संपत्तीस अखिल मानवजातीचा वारसा म्हटले आहे. भारताने त्यावर १९८२ साली सही केली, पण त्यास अनुमोदन दिले नाही. पुढे २०२३ साली भारताने ज्या आर्टेमिस संहितेवर सही केली, तिच्या मते खनिज काढणे म्हणजे स्वामित्व सांगणे नव्हे. आपण एका हाताने वारसा म्हणतो आणि दुसऱ्या हाताने खोदण्याची मुभा मागतो. या दोन सह्यांमधील अंतर हाच कादंबरीचा विषय आहे. कायद्याचे कलम ते अंतर मोजील. ते अंतर माणसाच्या मनात कसे राहते, हे दाखविणे वाङ्मयाचे काम.

मराठी लेखकाने ते करावे, अशी अपेक्षा धरण्यास आधार आहे. काशीत वाढलेल्या आणि हिंदू विश्वविद्यालयात शिकलेल्या जयंत नारळीकरांनी शास्त्राचा नियम हा कथेचा अलंकार नसून तिचा पाया असू शकतो, हे मराठीस दाखवून दिले. आता त्या पायावर ओझ्याची कथा हवी. तिचा नायक चंद्रावर प्रथम उतरणारा वीर नसावा. तो कक्षेतील कोठाराचा कारकून असावा. भरून आलेल्या प्रत्येक टाकीची नोंद त्याने करावी, आणि पलीकडच्या रकान्यात काय लिहावे, येथे त्याची लेखणी अडावी. व्हर्नने तो रकाना आखला नाही, वेल्सने तेथे एका माणसाचे नाव लिहिले, हाइनलाइनने तो दाखविला पण एकाच बाजूने. कोणीतरी तो मराठीत भरावयास घ्यावा. त्या कादंबरीचे परीक्षण लिहिण्यास आम्ही उत्सुक आहोत.