टाकाऊ, टिकाऊ आणि क्रीडांगण

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासापासून मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. करवंटीचा दिवा आणि काड्यापेट्यांची आगगाडी यांच्यापासून निघालेला हा शब्दप्रयोग आता सार्वजनिक जागांच्या रचनेपर्यंत येऊन पोचला आहे. झिजलेल्या टायरांचे झोपाळे, रिकाम्या पिंपांचे बोगदे, केबलच्या लाकडी रिळांची मेजे अशा साहित्याची क्रीडांगणे अनेक नगरांतून उभी राहत आहेत, आणि परिसरातील रहिवाशांच्या विचारानेच ती उभारली गेली असेही बहुधा आवर्जून सांगितले जाते. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु या शब्दप्रयोगाच्या उत्तरार्धात एक मूल्य गृहीत धरलेले आहे आणि त्याची चिकित्सा क्वचितच होते. वस्तू टिकावी, तिचे रूप एकदा ठरावे आणि मग बदलू नये, ही अपेक्षा नेमकी कोणाची? खेळणाऱ्याची की रचना करणाऱ्याची?

या प्रश्नाची चर्चा कोपनहेगनपासून सुरू करणे क्रमप्राप्त आहे. कार्ल थिओडोर सोरेन्सन हा डॅनिश उद्यानरचनाकार. मुद्दाम बांधून दिलेल्या क्रीडांगणांपेक्षा पडीक जागांत आणि चालू बांधकामांवर मुले अधिक रमतात, हे त्याने पाहिले होते. अडगळीच्या क्रीडांगणाची कल्पना त्याने १९३१ साली आपल्या ग्रंथात मांडली. ती प्रत्यक्षात येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. डेन्मार्क त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता. एम्ड्रुप येथील सहकारी गृहवसाहतीत, कामगारांच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढाकाराने, फळ्या, विटा, दोर, जुनी चाके असे साहित्य एका मोकळ्या जागेत मुलांच्या स्वाधीन करण्यात आले. डॅनिश भाषेत त्या जागेचे नाव सरळ 'अडगळीचे क्रीडांगण' असेच होते. सभोवार मातीचा उंच बांध घालून त्यावर कुंपण व झाडी लावलेली होती, त्यामुळे आतील पसारा रस्त्यावरून दिसत नसे.

या रचनेत रचनाकाराने काय केले, याहून त्याने काय करण्याचे टाळले हे अधिक अर्थपूर्ण आहे. त्याने बांध घातला, साहित्य पुरविण्याची व्यवस्था केली आणि तेथेच तो थांबला. झोपड्या, गुहा, मनोरे यांपैकी काहीही त्याच्या आराखड्यात नव्हते. मुले ते उभारीत, मोडीत आणि त्याच फळ्यांतून दुसरे काही उभारीत. पुनर्वापर हा येथे प्रदर्शनाचा विषय नव्हता, तो रोजच्या खेळातला व्यवहार होता. आपल्या हातून घडलेल्या सर्व कामांत हे सर्वांत कुरूप असून तेच आपल्याला सर्वांत सुंदर वाटते, अशा आशयाचे उद्गार सोरेन्सनने पुढे काढले. कलावंताच्या विनयापेक्षा त्यांत सौंदर्यविचाराचा भाग मोठा आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुखावणारे रूप आणि खेळणाऱ्याला मोकळीक देणारे रूप ही दोन्ही एकाच ठिकाणी नांदतीलच असे नाही, आणि निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्याने दुसऱ्या रूपाची बाजू घेतली.

एम्ड्रुपचा गौरव करताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. तेथे केवळ अडगळ नव्हती, माणूस होता. जॉन बर्टेल्सन हा तेथील पहिला क्रीडा-प्रमुख. आपण मुलांना काही शिकवू शकत नाही आणि शिकवूही नये, अशी त्याची भूमिका होती. तथापि हत्यारे देणे, ती परत घेणे, भांडणे मिटविणे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकणे यांसाठी तो तेथे हजर असे. म्हणजे अशा क्रीडांगणाचा खरा खर्च एकदाच करावयाच्या बांधकामाचा नसून दरसाल द्यावयाच्या वेतनाचा आहे. उद्‌घाटनाची कोनशिला बसविणे नगरसंस्थांना नेहमीच सोपे जाते; वेतनाची तरतूद त्यांना जड वाटते. अडगळीच्या क्रीडांगणांचा प्रसार मर्यादित का राहिला याच्या कारणांत हे साधे अर्थकारण बरेच वरच्या क्रमांकावर असले पाहिजे.

ही कल्पना इंग्लंडात गेली ती हर्टवुडच्या लेडी ॲलन यांच्यामुळे. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या जागांचा असाच उपयोग का करू नये, हा प्रश्न त्यांनी १९४६ साली 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकातून विचारला. कालांतराने 'अडगळ' हा शब्द तेथे मागे पडला आणि त्याची जागा 'ॲडव्हेंचर'ने घेतली. हा बदल केवळ सोयीचा नाही. पहिल्या नावात साहित्याचा उल्लेख होता, दुसऱ्यात अनुभवाचा आहे. आणि अनुभव विकत घेता येतो, बांधून देता येतो, त्याला तिकीटही लावता येते. मराठीत आज 'साहस' म्हटले की सुळके, दोर आणि शिबिरे आठवतात. 'अडगळ' म्हटले की घरातला माळा आठवतो, आणि बालपणीचे शोध बहुतांशी तेथेच लागलेले असतात.

ॲम्स्टरडॅमची परंपरा निराळी. आल्डो व्हान आयक याने १९४७ साली बेर्टेलमानप्लाइन येथे पहिले क्रीडांगण रचले आणि १९७८पर्यंत त्या नगरात त्याने सातशेहून अधिक क्रीडांगणे केली. वाळूचा खळगा, लोखंडी कमानी, काँक्रीटचे गोल ठोकळे एवढेच त्याचे साहित्य, आणि ते सगळे नवे. पुनर्वापर झाला तो जागेचा: घरांमधल्या रिकाम्या फटी, पाडलेल्या इमारतींचे भूखंड, कोणाच्याच उपयोगी नसलेले कोपरे. आपल्या गल्लीतही असे काही करावे म्हणून रहिवासी नगरसंस्थेला पत्रे लिहीत आणि त्या पत्रांवरून नव्या जागा ठरत. रहिवाशांचा सहभाग म्हणून आज जे सांगितले जाते त्याच्याशी ताडून पाहता ही पद्धत रूक्ष भासेल. पण तिच्यात पुढाकार रहिवाशाचा होता आणि उत्तर देण्याची जबाबदारी नगरसंस्थेची होती.

या दोन उदाहरणांच्या प्रकाशात भारतातील प्रयत्न पाहिले तर त्यांत दोन स्पष्ट प्रकार दिसतात. दिल्लीत २०१९ साली खुले झालेले 'वेस्ट टू वंडर' उद्यान हा पहिला प्रकार. सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तेथे उभारल्या आहेत. कारागिरी वाखाणण्यासारखी आहे. परंतु भंगाराने येथे आपले भंगारपण टाकून ताजमहालाचे सोंग घेतले आहे, आणि मुलाच्या वाट्याला पाहण्यापलीकडे फारसे काही येत नाही. ते क्रीडांगण असल्याचा दावा कोणी केलेला नसल्यामुळे त्याला अधिक दोष देणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या प्रकारात बंगळुरूच्या 'अँटहिल क्रिएशन्स' या संस्थेसारख्यांचे काम येते. जुने टायर, मुलांशी आधी केलेली बातचीत आणि स्वयंसेवकांचे श्रम यांतून शाळांच्या आवारांत व वस्त्यांत अल्प खर्चात खेळण्याची जागा उभी राहते. जेथे काहीच नव्हते तेथे झोपाळा आला, ही गोष्ट लहान नाही. टायरांत पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्यांना भोके पाडणे, उन्हात रबर किती तापते ते पाहून सावलीची जागा निवडणे, अशा तपशिलांत या प्रकारच्या कामाची कसोटी लागते आणि तेथे कल्पकतेपेक्षा चिकाटीच कामी येते. तरीही टायर एकदा बोल्टने घट्ट बसला की मुलाच्या दृष्टीने त्याच्यात आणि कारखान्यातून आलेल्या झोपाळ्यात फरक उरत नाही. सायमन निकल्सन याने १९७१ साली सुट्या भागांचा जो सिद्धान्त मांडला, त्यानुसार परिसरात हलविता, जोडता, मोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या अधिक, तितका शोधाला व निर्मितीला वाव अधिक. जमिनीत रोवलेला, रंगविलेला टायर हा सुटा भाग राहत नाही. काठीने रस्त्याने पळविला जाणारा सायकलचा टायर मात्र तसा होता, आणि त्यासाठी कोणालाही आराखडा काढावा लागला नव्हता.

रहिवाशांच्या सहभागाचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली मांडली. तिच्यात नुसते मत विचारणे हे दिखाऊ सहभागाच्या पायऱ्यांत मोडते, कारण विचारलेले मत अमलात आणण्याची हमी त्यात नसते. क्रीडांगणाच्या बाबतीत अडचण आणखी एका पायरीने वाढते. 'कोणती साधने हवीत?' असे विचारले असता लोक झोपाळा आणि घसरगुंडी मागतात, कारण त्यांनी तेच पाहिलेले असते. मुले आज कोठे खेळतात, कशाने खेळतात, कोणत्या वेळी कोणाला हुसकावले जाते, हे विचारले तर उत्तरे निराळी येतात. मोठ्या मुलांचे क्रिकेट सुरू झाले की लहान मुले आणि मुली कडेला सरकतात. आजोबांना बाक हवा असतो. आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून जागा दिसावयास हवी असते. या मागण्या परस्परविरोधी आहेत. एका सायंकाळच्या सभेत त्यांचा निकाल लागेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. आराखड्याआधी एकदा विचारलेला रहिवासी हा साक्षीदार असतो. क्रीडांगण सुरू झाल्यावर वर्षानुवर्षे ते बदलू शकणारा रहिवासी हाच त्याचा कर्ता होय.

भारतीय संदर्भात एक अवघड मुद्दा उरतो. कोपनहेगनच्या मुलाला अडगळ हे नवे स्वातंत्र्य होते. येथे अडगळीला जात आहे आणि मजुरी आहे. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, ती कचरा वेचणाऱ्यांना, त्यांतही बहुसंख्येने असलेल्या दलित स्त्रियांना, श्रमिक म्हणून मान्यता मिळावी यासाठी. ज्या वस्तीतील मुलांनी आईबरोबर कचरा वेचला आहे, तेथे भंगाराचे क्रीडांगण सुचविणारा रचनाकार त्या पालकांना काय सांगणार? नव्याकोऱ्या, चकचकीत झोपाळ्याची त्यांनी केलेली मागणी ही अभिरुचीची उणीव म्हणून बाजूला सारता येणार नाही. तिच्यात मानाचा प्रश्न आहे, आणि पुनर्वापराच्या सौंदर्यशास्त्राने त्याला अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

या चर्चेत जी प्रथा सहसा दृष्टिआड होते ती महाराष्ट्रात दर दिवाळीला घडते. वाड्याच्या अंगणात किंवा इमारतीच्या जिन्याखाली मुले किल्ला बांधतात. विटांचे तुकडे, दगड, गोणपाट, चिखल. वर अळीव पेरून हिरवळ. बुरुजावर मातीचे मावळे. जागा मोठ्यांनी द्यावयाची, साहित्य आसपासचे गोळा करावयाचे, आणि कोणता दरवाजा कोठे हे मुलांनी भांडून ठरवावयाचे. शेजारी पाण्याची बादली देतात, चिखलाबद्दल कुरकुर करतात आणि संध्याकाळी पणती ठेवावयास येतात. सण संपला की किल्ला मोडतो, दगड पुन्हा कोपऱ्यात जातात. पुढच्या वर्षी त्याच दगडांतून दुसरा किल्ला उभा राहतो, आणि गेल्या वर्षी सिंहगड बांधणारा मुलगा या वर्षी जलदुर्गाचा हट्ट धरतो.